कलशेट्टीबाईंचं बसकर

“मला डोकं हाय का न्हाय ते तुमी ठरवणार व्हय? अवो, तुमी काय बोलताय तेच कळंना, तर उत्तर कुटनं देऊ मी?” हातात रिकामा जग घेऊन वाघमोडेसर ओरडत होते. माळशिरस तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे ते मुख्याध्यापक, आणि जागा सोलापुरातला आमचा प्रशिक्षणाचा हॉल. आवाज असा की डोक्यावरचे पंखे दबकून फिरायला लागले, आणि बाहेर चहाची किटली घेऊन आलेला माणूस किटलीसकट परत गेला तो दुसऱ्या दिवशीच उगवला. समोर खडू धरून प्रशिक्षण देणाऱ्या कलशेट्टीबाई उभ्या होत्या. पाच फूटही उंची नसेल. त्यांनी ते सगळं ओरडणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जसं एखाद्याचं उत्तर ऐकावं तसं...

गेल्या महिन्यात बाईंच्या लेकीचा फोन आला. “काका, आई गेली,” एवढंच म्हणाली. मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. कानात मात्र वाघमोडेसरांचं ते ओरडणं घुमत होतं. माणूस जातो तेव्हा त्याचाच आवाज आठवावा, तर मला दुसऱ्याचा आठवला. कारण बाईंचं मोठं बोलणं मी कधी ऐकलंच नाही. त्या लोकांना बोलायला लावायच्या, आणि आपण मागं बसायच्या.

मागं बसायच्या हे अगदी शब्दशः. मी जेऊरकडचा केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा माणूस. मुख्याध्यापकांना आणि माझ्यासारख्या मार्गदर्शकांना तयार करायचं काम बाईंकडं आलं तेव्हा मला त्यांच्या जोडीला दिलं. आम्ही साहेबमंडळी वर्गात गेलो की पुढं खुर्ची, हातात नारळ, पोरांचं ‘एक साथ नमस्ते’. बाई पिशवीतून एक बसकर काढायच्या, जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याला दुमड घालून हातानं शिवलेलं, आणि सरळ शेवटच्या रांगेत जाऊन जमिनीवर बसायच्या. ज्या पोराकडं गुरुजी बघत नाहीत त्याच्या शेजारी. तास संपला की गुरुजींना चूक सांगायच्या नाहीत. विचारायच्या, “इथनं फळा कसा दिसतो, बघितलंय का कधी?” या एका प्रश्नानं जिल्ह्यातल्या निम्म्या मुख्याध्यापकांचे गुडघे दुखायला लागले, असं मी सगळीकडं सांगत फिरायचो. बाईंच्या कानावर गेलं की मला म्हणायच्या, “गुरुजी, निम्मं करा.” माझ्या प्रत्येक गोष्टीला त्यांचं हेच उत्तर. मी उसाएवढा साप सांगावा, बाईंनी त्याची दोरी करावी.

तर त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं होतं... बाई अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. त्यांनी चौथीच्या गणिताचा तास घेतला, अख्खा कन्नडमध्ये. लिंबं आणली, काही सडली, उरलेली भावंडांत वाटली, एवढंच उदाहरण. अक्कलकोटकडचे मुख्याध्यापक पटापट उत्तरं द्यायला लागले. बाईंनी त्यांनाच शाबासकी दिली, त्यांनाच फळ्यावर बोलावलं. आपण वर्गात करतो तेच, वेगळं काही नाही. वाघमोडेसर गणित घेऊन पदवीधर झालेले. त्यांना विचारलं, ते गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. “हिंद कुंड्री,” म्हणून बाईंनी बोटानं मागची जागा दाखवली. मागं बसा. लोक हसले. सर मागं जाऊन बसले, कान तांबडेलाल. थोड्या वेळानं बाईंनी त्यांच्या हातात जग दिला आणि खुणेनं पाणी आणायला सांगितलं. तिथं सरांचा बांध फुटला.

सगळं ओरडून झाल्यावर बाई मराठीत म्हणाल्या, “बसा सर. ऊन लई हाय, पाणी मी आणते.” आणि खरंच जग घेऊन गेल्या. वाघमोडेसरांना जे कळायचं ते कळलं होतं, आणि मलाही. आठवड्यापूर्वी त्यांच्या शाळेत आम्ही दोघं गेलो होतो. तिथं दाराशी शांतव्वा नावाची पोर बसायची. आईबाप सीमेपलीकडून वीटभट्टीवर आलेले, घरी कन्नड. सर तिच्याकडं बघत कौतुकानं म्हणाले होते, “डोकं न्हाय हो तिला. पण कामाला लई चलाख, पाण्याचं सगळं तीच बघती.” बापाचं म्हणणं त्याहून सरळ होतं. पाणीच आणायचं तर भट्टीवर आणंल की, शाळेत कशाला? येत्या बाजारापासून तो तिला काढणार होता.

त्या दुपारी वाघमोडेसर जेवले नाहीत. संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर बाईंजवळ आले. “बाई, शांतव्वाला विचारू कसं? मला तर तिची भाषा येत न्हाय.”

“तिला तुमची येत नाही. मग झालं की सारखं,” बाई म्हणाल्या. “आधी शेजारी बसा. विचारायचं मागनं बघू.”

सर भट्टीवर गेले, बापाकडं मुदत मागितली. हे मी कितीतरी ठिकाणी रंगवून सांगितलंय. माझ्या सांगण्यात सर विटांच्या ढिगावर उभं राहून भाषण करतात. खरं तर ते खाली मान घालून ‘एक वर्ष द्या’ एवढंच म्हणाले, असं बापानंच पुढं सांगितलं. मग त्या वर्षभर बाई जमेल तेव्हा एसटीनं माळशिरसला जायच्या. शांतव्वा कन्नडमध्ये हिशोब करायची, दोन्ही भाषा येणारी शेजारची पोरगी तो मराठीत सांगायची, सर फळ्यावर मांडायचे. पोर शाळेत राहिली. आता हायस्कूलला जाते.

पण बाईंना एका पोरीचं समाधान पुरणारं नव्हतं. प्रत्येक मुख्याध्यापकाकडून त्या आठवड्यातला एक वार ठरवून घ्यायच्या. त्या वारी एक तास मागं, जमिनीवर. सगळे हो म्हणायचे. हॉलमध्ये हो म्हणायला काय जातं... समारोपाचा फोटो झाला की पुन्हा खुर्ची, पुन्हा टपाल, पुन्हा मीटिंग. बाईंना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

शेवटची भेट दवाखान्यातली. हाताला सलाईन, आवाज अगदी खोल गेलेला. बिस्किटाचा पुडा माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, “गुरुजी, खरं सांगा, बसतात का हो लोक मागं?”

“सगळे बसतात, बाई.”

“निम्मं करा.”

“निम्मे बसतात.”

“अजून निम्मं.” हसल्या, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर छताकडं बघत म्हणाल्या, “एक नाव सांगा. मी नसताना बसतो असा एक. नाव घेऊन.”

नावं दहा सुचली होती मला. कुणाचंही घेतलं असतं तर खपलं असतं. पण डोळ्यांनी बघितलेलं एकही नव्हतं, आणि त्या खाटेजवळ मला थाप मारता आली नाही. “बघून येऊन सांगतो,” म्हणालो. त्यांनी मान हलवली. मी बघून यायच्या आधीच त्या गेल्या...

दिवसकार्य झाल्यावर लेक म्हणाली, “काका, आईचं ते बसकर कुठंच सापडेना. मला ठेवायचंय.” बाईंच्या शेवटच्या फेरीत ते वाघमोडेसरांच्या शाळेत राहिलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. मी एसटी धरली. शाळेत गेलो तर सर टपाल बघत होते. चौथीच्या वर्गात डोकावलो. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून, दोन पोरांच्या मधे बसकर पसरलेलं. कडा विरलेल्या, मधोमध बसून बसून खळगा पडलेला. डोळे भरून आले, हे निम्मं करून सांगतोय.

सरांना म्हणालो, “बाईंच्या लेकीला आठवण म्हणून ते बसकर पाहिजे. माझ्यापाशी द्या.”

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. “लेकीला नवी चादर आणून देतो की. हे न्हाय देता येणार.”

“का हो?”

“मंगळवारी लागतं.”