रबराचं वळं

वाशीच्या बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान आहे. तिथला तापलेल्या रबराचा वास नाकात गेला की मला खडी फोडणारी माझी आई दिसते आणि तोंड कडू होतं.

बहात्तरचा दुष्काळ होता. रस्त्याच्या कामावर आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका होत्याच, पण त्या वर्षी गावातल्या बड्या घरची काकूही तोंडावर पदर ओढून तिथं येऊन बसली. तिला हातोडीची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी तिचं बोट फुटलं. दगड धरायच्या बोटात बायका सायकलच्या जुन्या ट्यूबचं वळं घालायच्या. आईनं आपलं वळं काढलं, काकूचा हात मांडीवर घेतला आणि तिच्या बोटात हळूच चढवलं.

"आता न्हाय लागायचं, काकू."

"लई उपकार झाले गं, गया," काकू रडत म्हणाली.

दुपारी आईच्याच बोटावर हातोडी बसली. ते नख पुन्हा कधी नीट आलं नाही.

पुढं पाऊस झाला, गावातल्या विहिरीला पाणी आलं. तिथल्या पोहऱ्याला आम्ही हात लावायचा नाही, कुणी वाढेल तेव्हा घ्यायचं. काकू आली तशी आईनं घागर पुढं केली.

"खाली ठेव आन् लांब सरक," काकू म्हणाली, आणि तिनं उंचावरून पाणी ओतलं.

घरी येताना मी विचारलं, "आये, कामावर तुजा हात तिला कसा चालला?"

आई घागर सावरत म्हणाली, "तवा तिचं बोट दुखत हुतं."