चिंचेचा गारवा

अंगणातल्या आटलेल्या बोअरमध्ये विद्यापीठातली एक मुलगी वायरला बांधलेला तापमापक सोडत होती. जमिनीवरचं ऊन सावकाश खाली मुरतं, म्हणून जितकं खोल जावं तितक्या जुन्या हवामानाचा पत्ता लागतो, असं तिनं सांगितलं. आकडे लिहिता लिहिता ती थबकली.

"काका, इथं पूर्वी झाड होतं का?"

होतं. चिंच होती. तिचा बारीक पाला माझी बायको रोज झाडायची. ती गेली, आणि आता पाला कोण झाडणार म्हणून मी चिंच तोडून टाकली. तोडलेल्या झाडाची सावली जमिनीत अशी शिल्लक राहते, हे मला कुठं ठाऊक होतं?

"खाली अजून गारवा आहे," मुलगी म्हणाली.

"किती दिवस राहील?"

ती वायर गुंडाळत राहिली. "वरचं ऊन पोचतंय, काका. हळूहळू."