बिननावाची हाळी

१२ मार्च २०२३ रोजी संध्याकाळी लिलाबाईच्या हातात एक हजार पाचशे एक रुपये पडले. हाळी दिल्याचेही पैसे मिळतात, हे तिला त्या दिवशी कळले.

लिलाबाईची वाडी मुठा गावाच्या वर, डोंगरातल्या सपाटीवर. सकाळी ती खाली उतरून एका बंगल्याचे आवार झाडायची, दुपारी वर यायची आणि दिवस कलला की घरामागच्या कातळावर उभी राहून नवऱ्याला हाळी द्यायची. नवरा म्हणजे चिंधू. तीन वर्षांपासून तो विसरत चालला होता. आधी कोयता कुठे ठेवला ते, मग आपण जेवलो की नाही ते, शेवटी घरची वाट. पौडच्या डॉक्टरांनी सांगितले होते, हा आजार वाढतच जाणार, घरात बसवून ठेवा. पण जन्मभर रानात हिरडा वेचलेला माणूस घरात कसला बसतो? लिलाबाई कामावर गेली की हा बाहेर पडायचा. दिवसभर कुठे असायचा ते त्यालाही सांगता यायचे नाही. मात्र हाळी कानावर पडली की आवाजाचा रोख धरून थेट दारात यायचा.

“अवोऽऽ, घरला याऽऽ.”

एवढीच हाळी. लग्न होऊन आली तेव्हापासून हीच. नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते असे सासूने सांगितले होते, आणि लिलाबाईने ते कधी तोंडातून काढले नव्हते.

त्या मार्चमध्ये बंगल्यात मृण्मयी नावाची गाणारी मुलगी येऊन राहिली. तिच्या पहिल्याच अल्बममधले एक गाणे गाजले होते, आता त्यातलेच दुसरे बाहेर काढायचे होते. ते पडले तर लोक आपल्याला विसरतील, अशी तिला धास्ती. गाणे तयार होते, पण त्यात काहीतरी कमी पडत होते. संध्याकाळी व्हरांड्यात बसली असताना डोंगरावरून हाळी आली, तशी ती उठून उभीच राहिली.

हाळी कुणाची ते तिने विचारून काढले आणि दुसऱ्या दिवशी लिलाबाईला झाडू खाली ठेवायला लावला.

“मावशी, कुणाला हाक मारता तुम्ही रोज?”

“घरच्यान्ला.”

“नाव काय त्यांचं?”

लिलाबाईने पदर तोंडाला लावला. “आता काय सांगू, बाय. नाव न्हाई घेत आमी.”

मृण्मयीबरोबरचा रेकॉर्डिंगवाला वेदांत म्हणाला, “नाव नाही तेच बरंय. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटेल, मलाच बोलावतायत.”

त्यांनी तिला एका खोलीत नेले. भिंतींना गाद्या लावलेल्या. लिलाबाईच्या घशातून आवाजच फुटेना.

“हितं कुणाला हाळी देऊ? म्होरं तर गादी हाय.”

शेवटी माईक आवाराच्या कडेला नेला. दोनदा झाले. तिसऱ्यांदा हाळी दिली आणि झाडीतून चिंधू खरोखरच येऊन पुढ्यात उभा राहिला, कमरेला कोयता, डोक्याला पांढरा पंचा.

“टेक ओके,” वेदांत म्हणाला, आणि सगळे हसले. लिलाबाईही हसली.

गाणे मे महिन्यात बाहेर पडले आणि पहिल्याच्या वर गेले. मृण्मयी शहरातल्या रात्रींबद्दल गायची आणि मध्येच सगळी वाद्ये थांबून डोंगरावरून यावी तशी हाळी यायची. लिलाबाईचा मुलगा तानाजी उरवड्याच्या कारखान्यात कंत्राटी कामावर होता. तिथे पोरांनी त्याला हैराण केले.

“तान्या, तुजी आय बोलवतीया. सुटी झाली तुजी.”

“आरं, तुजी आय समद्या पुण्याला घरला बोलवाया लागली. भाकरी पुरतील का?”

तानाजीने घरी येऊन फोनवर आईला ते ऐकवले. लिलाबाईला नवल वाटले. पण खाटेवर बसलेला चिंधू उठला आणि घरातच उभा राहून घर शोधायला लागला. तानाजीने पटकन फोन बंद केला.

पुढच्याच शनिवारी चिंधू हाळीवर आला नाही. सुटीला भाड्याने जाणाऱ्या खालच्या एका बंगल्यात पाहुण्यांनी ते गाणे लावले होते, तिथे सापडला, पोहायच्या हौदाच्या काठावर बसलेला.

“म्हातारं भाकरी मागतंय कवाचं,” तिथला वॉचमन नथू म्हणाला. “ह्या पाहुण्यांनी वडापाव दिला, तर म्हणतंय, बायकुला बोलवा.”

मग हे शनिवार-रविवारचे ठरूनच गेले. लिलाबाई पाहुण्यांना सांगायला गेली, की बाबांनो, दिवस मावळताना तेवढे हे गाणे लावू नका. तो आवाज तिचा आहे हे कळल्यावर पाहुण्यांना कोण आनंद झाला. “आजी, एकदा म्हणून दाखवा ना,” म्हणत त्यांनी फोन समोर धरले. ती तशीच वर निघून आली. तानाजीला सांगून तिने मृण्मयीला फोन लावून घेतला.

“ताई, माजा आवाज त्यातनं काडा.”

मृण्मयीने सगळे शांतपणे ऐकून घेतले. “मावशी, ते आता माझ्या हातात नाही हो. लोकांच्या फोनमध्ये गेलंय. मी येते भेटायला, कार्यक्रम संपले की.”

कार्यक्रम संपेनात. गाणे चालले होते.

३१ डिसेंबर रविवारी आला. बंगले दुपारीच भरले. तानाजी घरी होता, पण मागे सरपण फोडत असताना म्हातारा पुढच्या दाराने गेला. चारच्या सुमारास खालून तिन्ही बाजूंनी गाणी सुरू झाली. लिलाबाई त्या दिवशी लवकरच कातळावर गेली.

“अवोऽऽ, घरला याऽऽ.”

खालून तिचाच आवाज आला, मोठा, घुमणारा. ती थांबली की तो सुरू व्हायचा. तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या डोंगरधारेवर पांढरा पंचा दिसला. चिंधू उभा होता आणि मान इकडून तिकडे फिरवत होता.

“आये, नावानं हाळी दे,” तानाजी म्हणाला. “तुजी हाळी हाय ह्ये त्याला कळंल तरी.”

“गप.”

“आये, त्यो उतराया लागलाय.”

लिलाबाईने डोळे मिटले.

“चिंधूऽऽ.”

आईच्या तोंडून बापाचे नाव तानाजीने जन्मात ऐकले नव्हते. पण तसे ते चिंधूनेही ऐकले नव्हते. तो थांबला, कातळाकडे पाहिले, आणि दुसऱ्या कुणाला बोलावताहेत म्हटल्यावर माणूस नजर काढून घेतो तशी काढून घेतली. तिने पुन्हा नाव घेतले. त्याने वळूनही पाहिले नाही. खालून ‘घरला याऽऽ’ आले आणि तो त्या रोखाने झाडीत शिरला.

तानाजी ओढ्याकडे धावला. लिलाबाई गावात उतरली आणि तिथल्या टेम्पोवाल्या किशोरला घेऊन रस्त्याने पलीकडे गेली. दोन दिवस त्यांनी बंगले पालथे घातले. तिसऱ्या दिवशी एका बंगल्याच्या उंच दगडी भिंतीखाली, घाणेरीच्या जाळीत चिंधू सापडला. वर चढायला वाट नव्हती. भिंतीला टेकून बसला होता. थंडीने गेला, असे डॉक्टर म्हणाले.

पोलिसांनी मयताचे नाव विचारले. लिलाबाईने पदर तोंडाला लावला. तानाजीने सांगितले.

“म्या नाव घेटलं,” ती घरी आल्यावर एकदाच म्हणाली. तानाजीने समजूत घातली, गाण्यामुळे झाले, तुझ्यामुळे नव्हे. तिला त्यातला फरक कळला नाही. आवाज दोन्हीकडे तिचाच होता.

मृण्मयी फोनवर रडली आणि तिने पाच हजार रुपये पाठवले. ते तेराव्याला खर्च झाले. लिलाबाई आता कातळावर जात नाही. शनिवारी गाणे लागले की दार लावून घेते.

किशोरच्या टेम्पोच्या डिझेलचे तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.