गुरुवारचा कटला

देवाने आणि कंपन्यांनी मिळून आमच्या भागातल्या मासे धरणाऱ्यांची मोठी थट्टा करून ठेवली आहे. कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी, आणि आमच्या महाळुंग्यात निम्म्याहून अधिक घरं गुरुवार पाळतात. त्या दिवशी घरात वशाट शिजणं सोडाच, कुणी सुकट म्हटलं तरी बायका चूल पुसून घेतात. म्हणजे ज्या दिवशी माणूस नदीवर जायला मोकळा, त्याच दिवशी मासा उंबऱ्याच्या आत आणायची बंदी. जगात दुसरीकडे कुठे अशी शिक्षा असेल तर मला दाखवा, मी गळ मोडून बंबात घालतो.

यावर तोडगा आहे. गुरुवारचा मासा रंगाच्या रिकाम्या बादलीत पाणी घालून गोठ्यात जिवंत ठेवायचा आणि शुक्रवारी कापायचा. पण बादलीत मावेल असला मासा मला कधी लागतच नसे! मला लागायचे ते दांडगे. मग काय करणार, सोडून द्यायचो. निदान घरी येऊन सांगायचो तरी तसंच. "कटला होता राव, तोंड या काठाला आणि शेपूट त्या काठाला. मधून बैलगाडी गेली असती. पण गुरुवार ना! सोडला." हे मी इतक्या वेळा सांगितलंय की ते आमच्या म्हशीलाही पाठ झालं असावं. मी फाटकातून आत आलो की ती तोंड फिरवून बसते.

गाव हसायचं, त्याचं मला काही नव्हतं. हसणारी माणसं ऐकतात तरी. मला सलायचे ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. ते चिखलीचे जुने शेतकरी. इंद्रायणीचा तळ दिसायचा त्या काळात त्यांनी छातीभर पाण्यात उभं राहून मासे काढलेले. आता त्यांच्या रानात इमारती उभ्या आहेत, बांधावर लेथ मशीन फिरतंय आणि नदीवर साबणासारखा फेस येतो. त्यांनी गळ हातात धरायचं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. पण आमच्या सगळ्या गोतावळ्यात खरा मासेवाला तो एकच माणूस, आणि त्याचाच माझ्या एका शब्दावर विश्वास नाही.

"जावईबापू," ते म्हणायचे, "तुमच्या नदीतलं मासं लई धार्मिक दिसत्यात. गुरुवारी दर्शन देत्यात आन दर्शन देऊन माघारी जात्यात."

बरं, खोटं सांगितलेलं खोटं मानावं, माझी तक्रार नाही. पण मामा खरंही खरं मानत नसत. आमच्या कंपनीच्या कँटीनमागे एकदा बिबट्या आला. खरोखरचा, ठिपक्यांचा. सगळी शिफ्ट टेबलांवर चढली होती. मी हे तसंच, एक ठिपकाही न वाढवता सांगितलं. मामांनी विचारलं, "जेवून गेला का?"

त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. मामांच्या डोळ्यांदेखत, भर उन्हात, या हाताने दांडगा मासा काठावर आणून टाकायचा. मग तो बादलीत मावो न मावो, गुरुवार असो नाहीतर एकादशी. या माणसाने आयुष्यात एकदा मला म्हणायचं, "व्हय, खरं हाय." बस्स.

तीन गुरुवार मी त्यांना चिखलीहून गाडीवर मागे बसवून आमच्या भामा नदीवर नेलं. बंधाऱ्याच्या खाली एक डोह आहे, बाजूला मोठी बाभूळ. मामा बाभळीला टेकून तंबाखू मळत बसत आणि मी शेंगपेंड, कणीक, बडीशेप यांचा गोळा गळाला लावून उभा. हातात माझा रॉड. या रॉडबद्दल सांगायला हवं. तो मी झोपतानाही उशाशी ठेवायचो. मेहुण्याच्या हळदीत मी तो हातात धरून नाचलोय. मामा साऱ्या पाव्हण्यांना सांगत, "घराला आग लागली तर ह्यो बाबा आधी रॉड भाईर काढंल, मंग माझी लेक." यात खोटं काढायला जागा नव्हती.

पहिल्या दोन गुरुवारी चिलापी लागली, तळहाताएवढी. मामांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "हिच्या तोंडा-शेपटीमधून मुंगीची गाडी जाईल."

तिसऱ्या गुरुवारी मी निघतानाच पायात कंपनीचे सेफ्टी शूज चढवले. आमच्याकडे हा बूट म्हणजे राष्ट्रीय पोशाख आहे. पुढे लोखंडी टोपी, वर घोट्यापर्यंत जाड चामडं. कंपनी नवा जोड देते आणि जुना जन्मभर साथ करतो. रानात पाणी धरायला तोच, लग्नाला तोच, मयतीला तोच. आता नदीत दारूच्या बाटल्यांच्या काचा इतक्या झाल्यात की मी म्हटलं, पाण्यातही तोच.

मामांनी बुटांकडे पाहिलं. "ह्ये घालून पाण्यात उतरणार?"

"काच लागती मामा."

"काच लागली तर रगात येतं, आन रगात थांबतं. अनवाणी पायाला गाळ कळतो. बुटाला काय कळतंय?"

"मामा, ह्याच्यावरनं फोर्कलिफ्ट गेलीय."

"गेली असंल. तुमच्या बुटावरनं इमान बी गेलं असंल," म्हणत त्यांनी पिशवीतून चऱ्हाट काढलं. हा त्यांचा जुना रिवाज. मासा धरायला पाण्यात शिरणाऱ्याच्या कमरेला चऱ्हाट बांधायचं आणि दुसरं टोक काठावरच्या माणसाने धरायचं, त्याशिवाय त्यांच्या गावात कुणी पाय ओला करत नसे. मला दाव्याला बांधलेल्या बैलासारखं वाटलं, पण मी बांधून घेतलं. सासऱ्याला नाही म्हणायची सोय नसते. मामांनी दुसरं टोक धरलं नाही, मांडीखाली घेतलं आणि त्यावर बसले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो लागला.

मी आता वाढवून सांगत नाही. रॉड कमान होऊन पाण्याला टेकला. रीळ असं ओरडायला लागलं की मला वाटलं शिफ्टचा भोंगा झाला. मी ओरडलो, "मामा, बघा!" मामांनी डोळे किलकिले केले. नेमका त्याच वेळी मासा खाली गेला आणि डोहात बुडालेल्या एका जुन्या खोडाला दोरा गुंडाळून बसला. वर काहीच दिसेना. ताणलेला दोरा आणि नुसतं पाणी.

"खोड लागलंय," मामा म्हणाले आणि पुन्हा टेकले.

"खोड न्हाई, मासा हाय! खोडाला अडकलाय!"

"आज गुरुवार. सोडा त्याला."

हे वर्मी लागलं. मी रॉड उंच धरला आणि पाण्यात शिरलो. गुडघाभर, मांडीभर. खोडापाशी पोचलो आणि दोरा सोडवायला एक पाय पुढे टाकला, तो थेट गाळात गेला, खोडाच्या मुळाखाली. ओढला, तर बुटाची लोखंडी टोपी मुळाच्या खाली अशी बसलेली, जशी कुणी वेल्डिंग करून बसवावी. वरून गाळाने घोटा धरला. पायाला आत काही कळत नव्हतं. मामा म्हणाले होते तसंच.

तरी मी हसतच होतो. मासा दोऱ्यावर होता, त्याचे हिसके हाताला लागत होते. मग माझ्याभोवती पालापाचोळा आला. काटक्या आल्या, चहाचे कागदी कप आले. बंधाऱ्यावरून पडणारी धार जाड झाली होती. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं.

पाणी कमरेला आलं. मी हाक मारली, "मामा, पाय अडकलाय! चऱ्हाट ओढा!"

"व्हय," काठावरून आवाज आला, "आन मगर बी आली असंल."

"खरंच सांगतोय! पाणी वाढतंय!"

"पाणी वाढत न्हाई, तुमी खाली बसताय. उठा, लेकराचा बाप झालाय."

मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो. आईची शपथ घेतली, त्यांच्या लेकीची घेतली. पण या सगळ्या शपथा मी चिलापीसाठीही घेतलेल्या होत्या. पाणी बरगड्यांना लागलं आणि त्याला जोर आला. खाली वाकून बुटाची नाडी सोडावी, तर चऱ्हाट ढिलं. वाकलो असतो तर प्रवाहाने मला आडवा केला असता, आणि पाय तिथेच गुंतलेला. आडवा झालेला माणूस मग उभा राहत नाही, हे मला मामांनीच सांगितलेलं.

मी मामांकडे पाहिलं. त्यांची मान बाभळीला टेकलेली, तोंडात तंबाखू, चेहऱ्यावर तेच मिश्कील हसू. माझ्याजवळचे शब्द संपले होते. जन्मात पहिल्यांदा.

मग मी रॉड सोडला.

नुसतं सोडला म्हणतो, पण बोटं एकेक करून उघडावी लागली. रॉड पाण्यावर पडला. माझ्या धक्क्यांनी दोरा खोडावरून सुटला असावा, कारण तो रॉड पाण्याबरोबर खाली जायचा सोडून, बंधाऱ्याकडे, उलटा, सपासप निघाला.

मामा उभे राहिले. ते उभे राहिले म्हणजे काय, सत्तरीचा माणूस जमिनीवरून असा उसळला की तंबाखूची डबी बाभळीच्या पलीकडे गेली. "आरं, रॉड सोडला!" ते स्वतःशीच ओरडले. "ह्यानं रॉड सोडला!" पुढच्या क्षणी चऱ्हाट बाभळीला वेढा घालून ताठ झालं आणि माझ्या कमरेला असा हिसका बसला की सकाळचे पोहे आठवले.

"आता बुडी मारा!" मामांचा आवाज. "म्या धरलंय! नाडी सोडा नाडी!"

मी पाण्याखाली गेलो. चऱ्हाटाने मला जागेवर धरलं. नाडीची गाठ ओली होऊन दगड झालेली. पहिल्यांदा वर आलो, श्वास घेतला, पुन्हा गेलो. गाठ सुटेना. मामा वरून शिव्या देत होते, मला, बुटाला, कंपनीला, धरणाला. तिसऱ्या बुडीला नाडी तुटली की सुटली मला ठाऊक नाही, पाय मोज्यासकट बाहेर आला आणि मामांनी मला काठावर ओढून घेतलं, पोत्यासारखं.

आम्ही दोघं चिखलात पडून धापा टाकत होतो. मामांचे तळहात सोलले होते. मी म्हटलं, "मामा, मासा काय मला नीट दिसला न्हाई."

"मला दिसला," मामा म्हणाले. "बंधाऱ्यापाशी पलटी मारली त्यानं. खरं हाय."

मी दुसरा बूट पायातून काढला.

घरी आलो तेव्हा बायको दारात उभी. माझ्या अनवाणी पायांकडे पाहून तिने वडिलांना विचारलं, "आज कसला मासा सांगितला ह्यांनी?"

"त्यानं न्हाई, म्या सांगतो," मामा ओट्यावर बसले. "कटला. वासराएवढा. डोळं हे असं, पितळी वाट्या. रॉड घेऊन बंधाऱ्यावर चढत हुता."

शेजारपाजार गोळा झाला. मासा वाढत चालला. मला राहवलं नाही. दोऱ्याला बसलेले हिसके माझ्या हातात अजून होते. मी म्हटलं, "मामा, पाच-सहा किलोचा असंल."

"तुम्ही गप बसा," बायको म्हणाली. "माझे आबा खोटं बोलत न्हाईत."

पुढच्या गुरुवारी सकाळी मी पेंड भिजवत होतो. फाटक वाजलं. मामा शेअर रिक्षाने स्वतःहून आले होते. खांद्यावर नवं कोरं चऱ्हाट, जुन्याच्या दुप्पट जाड, आणि हातात एक काळा रॉड. त्यांचाच जुना, किती वर्षं कपाटामागे पडून होता कुणास ठाऊक. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. मी उठून दारामागचे नवे सेफ्टी शूज ओढायला गेलो.

"बूट ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "आन चला. त्यो बंधाऱ्याच्या वर गेलेला न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत खाली परत आलाय."