आत्याच्या मापाची गाडी

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, टायरला लाथ मारतो आणि तोंड वाकडं करून किंमत विचारतो. माझी आत्या मागचं दार उघडायला लावायची, चपला काढायची, आत चढून उताणी झोपायची आणि डोळे मिटून म्हणायची, "हां, आता चालव." चौक गावापासून कर्जतपर्यंत जुन्या गाड्या विकणारे तिला 'झोपणारी बाई' म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, कारण गाडी चालवायला मी असायचो.

हे सगळं तात्यांसाठी चाललं होतं. तात्या म्हणजे आत्याचे यजमान. कळंबच्या पुढे डांबर संपतं, मग ओढा, मग दगडगोट्यांचा चढ, आणि चढाच्या डोक्यावर यांचं घर आणि भातशेती. तात्या माळ्यावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्यांना बसवत नसे, न्यायचं तर आडवंच. पाठीला जखमा झालेल्या, दर आठवड्याला कर्जतच्या दवाखान्यात जायलाच हवं होतं, आणि भाड्याची गाडी हमखास ओढ्यात रुतायची. डॉक्टर सरळ म्हणाले, "एक तर धड गाडी बघा, नाहीतर इथे खोली घेऊन राहा." तात्या म्हणाले, "मी खोलीत मरनार नाय." आत्या म्हणाली, "मरायचं मागनं बघू. आदी गाडी बघू."

मी दहिवलीत टाइल्स विकतो. गाड्यांतलं मला कळतं असा घरात समज आहे, आणि तो मी कधी मोडला नाही. मी म्हटलं, आत्या, चांगली उंच जीप घेऊ. ती म्हणाली, "आनि त्यांना वर चढवनार कोन? तुजा बाप?" माझा बाप तिचा सख्खा भाऊ, आणि त्याचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं; त्यामुळे हा प्रश्न तिने खरोखरच विचारला होता. म्हणजे गाडी बुटकी हवी, माणूस मावेल इतकी लांब हवी आणि ओढ्यात चारही चाकांनी ओढणारी हवी. अशा गाडीला वॅगन म्हणतात. आमच्याकडे तिला धड मोटार नाही, धड टेंपो नाही असं म्हणतात आणि कोणी घेत नाही.

आत्याला धुतलेली गाडी चालत नसे. लोधिवलीचा सलीमभाई गाडी धुऊन, आत अत्तराची बाटली टांगून तयार ठेवायचा. ती चाकाच्या वरच्या पत्र्याखाली कोपरापर्यंत हात घालायची आणि बोटांवर आलेलं त्याच्या नाकापुढे धरायची.

"ही वाळू हाय. समिंदरावर नेली व्हती गाडी. खालनं सडली असंल."

"मावशी, अलिबागला एकदाच गेलेली."

"एकदा काय नि धादा काय. मीठ त्ये मीठच."

चारही चाकांना जोर असेल तर चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, हे तिला मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते मलाच शिकवलं. "एक बैल म्हातारा नि एक खोंड जुपला तर जू कुनाच्या मानेवर येतं? तसंच हाय ह्ये. तुला ठावं नसंल." मी म्हटलं, नव्हतं ठाऊक. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ओढा उपसणं सोपं.

शेवटी सलीमभाईकडे एक राखाडी वॅगन आली. कळंबला फार्महाऊस घेतलेल्या मुंबईच्या कुणा साहेबाची. वर्षभरात साहेब फार्महाऊसलाही कंटाळला होता आणि गाडीलाही. आत्या आत गेली, आडवी झाली, हात छातीवर घेतले.

"मावशी, हात तसे नका ठेवू हो," सलीमभाई कळवळून म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक पळून जाईल."

"मग त्याला सांग, आमी जिवंत हाय. चालव रं."

मी गाडी मागच्या रिकाम्या शेतात घातली. दोन-चार बांध ओलांडले, मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल गोल फिरवली. वळताना खालून कुरकुर आली तर गाडी नापास, हा आमचा नियम. कुरकुर आली नाही. आत्याचाही आवाज येईना. वळून पाहिलं तर बाई गाढ झोपलेली. सलीमभाईनं मोठ्यानं "या अल्लाह" म्हटलं, तेव्हा तिने एक डोळा उघडला. "हीच घ्यायची. बांधावर पन झोप लागली."

गाडी घरी आली. चौघांनी तात्यांना उचलून आत सरकवलं आणि त्यांचे पाय दाराबाहेर हातभर तसेच राहिले. आम्ही सगळे त्या पायांकडे बघत उभे राहिलो. सगळी मापं आत्यानं स्वतःवरून घेतली होती, कारण दोघं एकाच उंचीची अशी तिची खात्री होती. घराचं दार बुटकं, जन्मभर भातलावणी; तात्या कायम वाकूनच चालायचे. ते सरळ किती लांब आहेत हे इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. आत्या पुटपुटली, "एवडं लांब व्हतात व्हय तुमी?" तात्या म्हणाले, "मला तरी कुटं ठावं."

मग ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकली. तेव्हापासून तात्यांचं डोकं माझ्या कोपराशी असतं आणि छताकडे बघत ते मला गाडी चालवायला शिकवतात. "शेकंड टाक. ओढा आला." आत्या मागे त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसायची. गाडी कधी ओढ्यात अडकली नाही आणि तात्यांना खोली घ्यावी लागली नाही.

भातलावणीच्या चिखलातून ताप आला तो तात्यांना नव्हे, आत्याला. ओढा भरून वाहत होता. तिला आत ठेवलं, तर डोक्यापासून पायापर्यंत बरोब्बर बसली. तिने हात छातीवर घेतले. मी ओरडलो, "आत्या, हात खाली घे." तिने घेतले, पहिल्यांदाच माझं ऐकलं, आणि मला रडू फुटलं. ओढ्यातून बाहेर पडताना म्हणाली, "मागचा डावा शॉकअप गेलाय रं. उद्या दाकव." कर्जतला पोचलो. परत आणली तीही त्याच गाडीतून, हात छातीवर ठेवलेली.

तात्या दाराशी खाटेवर होते. मान वळवून त्यांनी गाडीचं मागचं दार पाहिलं. मग म्हणाले, "पाय पुरलं का तिचं?"

"पुरले, तात्या."

"मंग बरोबर घेतलं व्हतं तिनं माप."

आठवड्याभराने त्यांना दवाखान्यात न्यायचं होतंच. मागे पाय मांडीवर घ्यायला कोणी नव्हतं, उशी लावली. ओढ्यात गाडी डावीकडे धाडकन आपटली.

"शॉकअप," तात्या छताकडे बघत म्हणाले.

"हो. आत्या म्हणाली होती."

"मंग आदी ग्यारेजकडं घे," ते म्हणाले. "दवाखाना पळून जात नाय. तिनं सांगितल्यालं आदी."