सुगतच्या घाटाची परवानगी

सुगत ओव्हाळ मागच्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, चिंचवडच्या एका खासगी रुग्णालयात वारला. फुफ्फुसांचा संसर्ग बळावला होता. शेवटचे काही दिवस तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि बोलणे बंद होते. दुपारी वलवणला, त्याच्या गावी, अंत्यसंस्कार झाले. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, इंटरनेटवरच्या एका संकेतस्थळावर त्याचा घाट विकायला आला. सुगत माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की आधी हा शुक्रवार समोर येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हा घाट संगणकावरचा होता. संगणकाला स्टिअरिंग आणि पेडल जोडून गाड्यांच्या शर्यती खेळणारे लोक जगभर आहेत. खेळाच्या कंपनीने दिलेल्या गाड्या आणि रस्ते त्यांना पुरत नाहीत, म्हणून त्यांच्यातलेच काही जण हौसेने नवे रस्ते, नव्या गाड्या तयार करतात आणि फुकट वाटतात. त्यांना मॉड म्हणतात. सुगत आयटीआयमध्ये आरेखन शिकवायचा आणि उरलेल्या वेळात मॉड करायचा. वलवणपासून निघून खंडाळ्यावरून खाली उतरणारा जुना रस्ता त्याने वळणावळणाने, भिंतीभिंतीने संगणकात उभा केला. त्यात त्याची कित्येक वर्षे गेली. दर रविवारी तो स्कूटर घेऊन निघायचा, एखाद्या कठड्याशी थांबून फोटो काढायचा, टेपने मोजमाप घ्यायचा. रस्त्यावरची माणसे त्याला सरकारी खात्याचा माणूस समजत आणि रुंदीकरण कधी, असे विचारत.

या छंदात एक अलिखित कायदा आहे. मॉड फुकट असला तरी तो करणाऱ्याचा असतो. त्यातले चाक, आवाज, झाड दुसऱ्याला वापरायचे तर विचारावे लागते, आणि पैसे कमवायचे असतील तर लेखी विचारावे लागते. कायदा पाळणारे थोडे आहेत. सुगतने घाटाच्या आधी एक लाल एसटी बनवली होती. कुणीतरी तिच्यावरचे त्याचे नाव खोडून ती स्वतःच्या नावाने विकायला ठेवली. सुगतने त्याला पत्र लिहिले. उत्तर हिंदीत आले, एका ओळीचे, की ही काय तुझ्या बापाची जमीन आहे का. सुगतने ती ओळ मला दाखवली. तो स्वतःही धुतल्या तांदळासारखा नव्हता. एसटीच्या इंजिनाचा आवाज त्याने एका परदेशी माणसाच्या मॉडमधून उचलला होता. त्याला पत्र लिहिले होते, उत्तर आले नव्हते, म्हणून आवाज तसाच ठेवला होता. ‘बापाची जमीन’ वाचल्यावर त्याने तो काढून टाकला. “उत्तर नाही म्हणजे नाही,” तो म्हणाला. पुढे हाच त्याचा नियम झाला.

घाटासाठी त्याने परवानग्या मागायला सुरुवात केली तेव्हा मी एकदोनदा बरोबर गेलो होतो. खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यावर एका मावशींची चहाची टपरी आहे.

“फोटू काढ की, त्यात इचारायचं काय?” मावशी म्हणाल्या.

“फोटो नाही मावशी. तुमची टपरी कॉम्प्युटरमध्ये ठेवायचीय. लोक तिच्यासमोरून गाड्या पळवणार.”

“मग च्या प्यायला उतरतील का?”

“नाही. कुणी थांबणार नाही.”

“मग घाल. हितं तरी कोन थांबतंय.”

टपरीवरची पाटी ज्या पेंटरने रंगवली होती त्यालाही सुगत भेटून आला. अक्षरे त्याची होती. पेंटरने आधी हा वसुलीचा माणूस असावा असे समजून पाटी आपली नाहीच म्हणून सांगितले. गैरसमज दूर व्हायला दोन चहा लागले.

वलवणच्या बाजूला रस्त्यालगत एक मोठा बंगला आहे. सुगतच्या घाटात त्याचे फक्त कुंपण दिसते, आत मोकळे गवत. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “मालकाची परवानगी मिळाली नाही.” ती जमीन एके काळी ओव्हाळांची होती. सुगतच्या आजोबांचा अंगठा दवाखान्यातल्या खाटेवर घेतला गेला, असे त्यांच्या घरात सांगतात. कागदोपत्री व्यवहार नीट आहे, असे दुसरी बाजू सांगते. मी ते कधी तपासले नाही. पण बातमीदार म्हणून वडगावच्या कोर्टात बरीच वर्षे बसलो आहे, आणि मावळात जमिनीला भाव आल्यापासून खाटेवरच्या अंगठ्याची गोष्ट इतक्या घरांतून ऐकली आहे की आजारी माणसाच्या उशाशी कुणी कागद घेऊन आलेले दिसले की इथला माणूस आधी दाराकडे बघतो. सुगतही तसाच होता. घाटाची फाइल त्याने कुणाला दिली नाही. मला दाखवली ती त्याच्या घरी, त्याच्या खुर्चीत बसवून, आणि मी फोन काढला तर हात पुढे करून तो बाजूला ठेवला. “तुझ्यावर संशय नाही,” म्हणाला, “फोनवर आहे.”

अपवाद फक्त किरण वाळुंजचा. किरण आयटीआयमधला त्याचा जुना विद्यार्थी. लोणावळ्याच्या बाजारात त्याचे एक छोटे दुकान आहे. तिथे स्टिअरिंग लावलेल्या खुर्च्या आहेत, पर्यटकांची मुले पैसे देऊन अर्धा तास गाडी चालवतात. घाटाची चाचणी त्याच्याकडे व्हायची. मी रुग्णालयात सुगतला शेवटचा भेटलो तेव्हा मास्क लागला नव्हता. दमून दमून बोलत होता. “फाइल किरणकडे आहे...” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, “एकट्या किरणकडे आहे.” हे विश्वासाने म्हटले की काळजीने, ते मी विचारले नाही.

शुक्रवारी विक्रीला आलेला घाट किरणने ठेवला होता, त्याच्या दुकानाच्या नावाने. खाली बारीक अक्षरात ‘लेखकाच्या परवानगीने’ असे होते. मी ती परवानगी बघायला मागितली. त्याने सुगतच्या फोनवरून आलेला मेसेज पाठवला: ‘माझा घाट किरण वाळुंज याला वापरण्यास व विकण्यास माझी परवानगी आहे. सुगत ओव्हाळ.’ सुगत मेसेजखाली कधी नाव लिहीत नसे. ‘वापरण्यास व विकण्यास’ ही त्याची भाषा नव्हती, दस्तऐवजाची होती. आणि मेसेज आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना सलाइनच्या सुया होत्या.

मी दुकानात गेलो. किरण एका खुर्चीचे पेडल खोलून बसला होता.

“हा मेसेज सुगतने लिहिलेला नाही,” मी म्हणालो.

“नाही. वैशाली मॅडमनी टाइप केला. शब्द मी सांगितले.” तो मान वर न करता बोलत होता. “सरांनीच शिकवलंय ना, तोंडी परवानगीला अर्थ नाही म्हणून.”

“तोंडी तरी होती?”

“मास्क होता, दादा. मी विचारलं, सर, टाकू का विकायला? सरांनी मान हलवली.”

“तिसऱ्या दिवशी टाकलास.”

“विक्रीचा पॅक आधीच तयार होता. सर बरे होऊन येतील म्हणून थांबलो होतो.” मग त्याने पाना खाली ठेवला. “तुम्हा पेपरवाल्यांना प्रत्येक माणूस चोर वाटतो. सरांनाही वाटायचा. पण फाइल त्यांनी मला दिली होती, तुम्हाला नाही.”

वैशाली सुगतची पत्नी. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करते. तिने काहीही लपवले नाही. “मीच टाइप केलं, भाऊजी. त्या वेळी बरोबर वाटलं. आता झोप लागत नाही.” तिला विचारून मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. तिथून चौकशी आली. वारस म्हणून तिने एवढेच कळवायचे होते की लेखकाने ही परवानगी स्वतः दिली होती का. नाही म्हटले तर घाट विक्रीतून निघणार होता, आणि किरण खोटारडा ठरणार होता, तिचा मेसेजही खोटा. हो म्हटले तर घाट कायमचा किरणच्या दुकानाचा. तोवर विक्री थांबवली गेली. किरणचा एकही फोन तिला आला नाही. गप्प बसणाऱ्या माणसावरही संशय घेता येतो, मी तोही घेतला.

मी नकाराचा मसुदा करून वलवणला गेलो. सुगतच्या खोलीत टेबलाला घट्ट बसवलेले स्टिअरिंग तसेच होते, खुर्ची त्याच्या उंचीला लावलेली. वैशालीने मसुदा वाचला, घडी करून मला परत दिला आणि स्वतः लिहिलेला कागद पुढे केला.

“इंग्रजी तुम्ही करा. पण एक शब्द इकडचा तिकडे करू नका.”

मी वाचले. “यात हो की नाही ते नाही,” मी म्हणालो.

“जे झालं ते लिहिलंय.”

“ते विचारतील.”

“विचारू देत. मीही रोज विचारते.”

सोमवारी तिचे उत्तर गेले. हा मजकूर छापायला जाईपर्यंत संकेतस्थळाचा निर्णय आलेला नाही. उत्तर तिच्या संमतीने पूर्ण देत आहे:

‘त्या संध्याकाळी खोलीत आम्ही तिघे होतो. किरण पायाशी उभा होता, मी उशाशी. किरणने विचारले, सर, टाकू का विकायला? त्याच वेळी मी विचारले, पाणी हवं का? दोघांचे बोलणे एकदम झाले. त्यांनी एकदाच मान हलवली. किरण म्हणाला, सर हो म्हणाले. मी मास्क थोडा बाजूला करून पाण्याचा चमचा ओठाला लावला. ते पाणी प्यायले नाहीत.’