शेवंतामावशीचा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं होत नाहीये.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी नागपुरात सीताबर्डीवरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे – निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलीनं झाकायचे. हात चांगला होता. गर्वही होता, कशाला लपवू?

आमच्या शेजारी शेवंतामावशी राहायची. तिचा नवरा मिलमध्ये होता, तरणाच गेला. त्याचा एकच फोटो – बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाचा, दोघंही पांढऱ्या कपड्यांत. निगेटिव्ह कुठली असायला? स्वयंपाकघरात माठाच्या वर टांगलेला असायचा. पिवळा पडायला लागला तेव्हा मीच म्हटलं, "मावशी, द्या माझ्याकडे. कॉपी काढून ठेवू. एक गेला तर दुसरा राहील."

फोटो काचेला चिकटला होता. स्टुडिओच्या मालकांनी बजावलं, "आधी काचेसकट कॉपी काढ. मगच हात लाव." पण काचेतून कॉपी धूसर आली असती, आणि मला मावशीला सुरेख कॉपी द्यायची होती... मावशीसाठी? की चार जणींनी माझा हात वाखाणावा म्हणून?

मी ब्लेड घातलं.

एका बाजूचा वरचा थर काचेलाच राहिला. मावशी शाबूत होती. तिच्या शेजारी, काकांच्या चेहऱ्याच्या जागी – नुसता पांढरा कागद.

मावशीला मी सांगितलं, माठाची ओल लागली होती, फोटो आधीच खराब झाला होता. खोटं. ती भिंत कोरडी होती.

तिनं पदरानं फोटो पुसला. मग म्हणाली, "इथं काहून टांगला असन वं म्या? थे माह्याच हातानं गेले." मला रडू फुटलं, तर तिनंच मला जवळ घेतलं. "तू नको रडू. तुह्या हाती काय होतं?"

तेव्हा का बोलले नाही? नाही बोलले.

पुढे तिच्या मुलाचं लग्न झालं. लग्नाच्या फोटोच्या दोन कॉपी तिनं माझ्याकडूनच करून घेतल्या आणि एक माझ्या हातात परत दिली. "हे तुह्यापाशी राहू दे. माह्यापाशी काही टिकत नाही."

मी ती घेतली. घरी आणून कपाटात जपून ठेवली.

मावशी गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. शेवटपर्यंत ती स्वतःलाच दोष देत होती, आणि मी तिला देऊ दिला.